पोटातला उंबरठा

‘पोट साफ होत नाही’ ही तक्रार आपण बायका कुणाजवळ बोलतो? फार तर आईजवळ, नाही तर लोकलच्या डब्यात रोज भेटणाऱ्या मैत्रिणीजवळ. बदलापूर-अंबरनाथहून सकाळची गाडी पकडणारीचं तर विचारूच नका. सगळ्यांचे डबे भरता भरता संडासला जायची वेळ टळते ती टळतेच. गाडीत सोय नाही, म्हणून पाणीही बेतानंच प्यायचं. वर्षानुवर्षं असं चालतं. मग एखादे दिवशी रक्त दिसतं आणि आपणच निदान करून मोकळ्या होतो, “मूळव्याध असेल!”

ती मूळव्याध असेलही. पण दर वेळी असेलच असं नाही. म्हणूनच आज मोठ्या आतड्याची थोडी ओळख करून घेऊ.

या आतड्यात लक्षावधी कोटी जंतू राहतात. दचकू नका, त्यांतले बरेचसे आपल्या उपयोगाचेच असतात. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात अंतर किती? पेशींच्या एकाच थराचं! या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि दर चार-पाच दिवसांनी नव्या येतात. त्यांच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा दुहेरी लेप असतो. बाहेरच्या सैल लेपात जंतू राहतात. आतल्या दाट लेपात सहसा त्यांना शिरकाव नसतो. हाच आपल्या पोटातला उंबरठा.

आता या पाहुण्यांचं जेवण बघा. धान्य, डाळी, भाज्या यांतला चोथा आपल्याला पचत नाही, तो थेट मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जंतू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन हेच. ते दाहही आटोक्यात ठेवतं. शिवाय चांगल्या जंतूंनी जागा व्यापली की वाईटांना थारा मिळत नाही.

आणि चोथाच मिळाला नाही तर? लक्झेंबर्गमध्ये काम करणारे महेश देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. चोथा बंद होताच काही जंतू चक्क श्लेष्म्याचा लेपच खाऊ लागले. उंबरठा झिजला आणि रोगजंतूंना वाट मिळाली. असा दाह वर्षानुवर्षं राहिला, की पेशी पुन्हा पुन्हा दुखावतात, पुन्हा पुन्हा नव्या होतात आणि त्या घाईत चुका होतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा दाहाचा रोग फार वर्षं असणाऱ्यांना आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तो यामुळेच. वय, आनुवंशिकता, तंबाखू, दारू, लठ्ठपणा हीही कारणं आहेतच. आहार हे त्यांतलं आपल्या हातातलं एक.

डेनिस बर्किट या शल्यवैद्यांनी आफ्रिकेतला अनुभव सांगून १९७१ सालीच चोथ्याकडे लक्ष वेधलं होतं. पुढे २०१५ साली एक मजेशीर अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २० कृष्णवर्णीयांना दोन आठवडे आफ्रिकी खेड्यातलं भरपूर चोथ्याचं जेवण दिलं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २० खेडूतांना अमेरिकी थाटाचं. चौदा दिवसांतच पहिल्यांच्या आतड्यातला दाह उतरला, ब्युटिरेट वाढलं. दुसऱ्यांचं नेमकं उलट झालं!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं हवीत. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा सुमारे १० ग्रॅम, मैद्यात जेमतेम ३. म्हणजे पाव-खारी-बिस्किटांवर दिवस काढला तर हिशेब कसा जुळायचा? महाग काही आणायला नको. भाकरी, मोडाची मटकी, वाल, पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या रानभाज्या घ्या. उल्हासनगरच्या सिंधी शेजारणीकडून साई भाजी शिकून घ्या. पालक, चुका आणि चण्याची डाळ, सगळं एकाच भांड्यात! कमळकाकडीही त्यांच्याकडूनच शिकावी. ताक-दही जरूर घ्या, पण ते औषध समजू नका.

दोन सूचना मात्र. चोथा हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या, नाही तर पोट फुगेल. आतड्याचा आजार आधीच असेल, तर डॉक्टरांना विचारूनच आहार बदला. आणि साध्या जुलाबाला दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नका. चांगले जंतूही त्यात मरतात. आधी मीठ-साखर-पाणी द्या.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, विनाकारण उतरणारं वजन किंवा कारण न सापडणारा पंडुरोग, यांतलं काहीही दिसलं तर लाजू नका. चोथा खाऊन ते बरं होईल म्हणून थांबूही नका. आपल्याकडे या कॅन्सरसाठी सरसकट तपासणीची सरकारी मोहीम नाही, त्यामुळे आपल्यालाच उठावं लागतं. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय गाठा किंवा घरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आतड्यात बहुधा आधी छोटा मोड उगवतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला सहसा बरीच वर्षं जातात. दुर्बिणीच्या तपासणीत तो दिसला, तर बऱ्याचदा तिथल्या तिथे काढताही येतो. एवढा अवधी असताना केवळ संकोचापायी तो वाया घालवायचा का?

घरच्या सगळ्यांच्या ताटांकडे आपलं लक्ष असतं. उद्यापासून आपल्या ताटातही भाजी थोडी जास्त वाढून घ्या, आणि सकाळी स्वतःसाठी दहा मिनिटं राखून ठेवा. डबे तेवढे थांबतील!