परमुलखातला वाढदिवस

गेल्या मार्चमधली गोष्ट. शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात दोन मुलं उभी होती. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. तुमच्यापैकी अनेकांच्या दारी अशी जोडी येऊन गेली असेल. आपण बहुधा हसून 'नो, थँक यू' म्हणतो आणि दार लावतो. मीही तेच करणार होतो; पण बाहेर पावसाबरोबर बर्फ पडत होता आणि दोघंही कुडकुडत होती. आतून सौ. म्हणाली, "अहो, त्यांना आत तरी घ्या."

ही मॉर्मन चर्चची मिशनरी मुलं. वय अठरा-एकोणीस, पण पाटीवर नावाआधी 'एल्डर', म्हणजे वडीलधारा! मला हसू आलं. चहा विचारला तर नको म्हणाले. त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य. मग हिने वेलची घालून दूध गरम केलं. बोलता बोलता एक जण म्हणाला, "आज याचा वाढदिवस आहे. घराबाहेरचा पहिलाच." दुसरा एकदम लाजला.

हिने विचारलं, "आमच्याकडे वाढदिवसाला आई मुलाला ओवाळते. तुला चालेल का?" त्याने मान हलवली. हिने देवघरातून ताम्हण आणलं, निरांजन लावलं, सुपारी आणि अंगठी ठेवली, त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं आणि ओवाळलं. वाटीत सकाळचा शिरा होता, तो दिला. मुलगा बराच वेळ ज्योतीकडे बघत होता. मग त्याने हिला विचारलं, "तुम्ही घरापासून इतक्या लांब आलात, तेव्हा तुम्हाला कोणी ओवाळलं?"

ही हसली आणि विषय बदलला. मुलं गेल्यावर मात्र भांडी विसळताना म्हणाली, "माझा इथला पहिला वाढदिवस आठवतो का हो तुम्हाला?"

मला आठवेना.

वाचकहो, मी रसायनशास्त्राचा माणूस. मराठीच्या इतिहासाचं वाचन हा निवृत्तीनंतरचा छंद. घरच्या प्रश्नाला उत्तर नसलं, की मास्तर पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. मीही वळलो आणि हाती लागला विल्यम कॅरी.

मिशनरी म्हटलं, की आपल्यातल्या पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. धर्मांतराचा वाद जुना आहे आणि तो इथे सोडवायचा नाही. पण मराठी भाषेचं या माणसाकडे देणं लागतं. १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश. त्या कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. मराठीच्या कामात त्याला वैजनाथ पंडितांची मदत होती. आणि हे सगळं बंगालमध्ये बसून!

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायरचा. धंद्याने चांभार, पुढे बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. जून १७९३ मध्ये तो एका डॅनिश जहाजावर चढला आणि नोव्हेंबरमध्ये बंगालला पोहोचला. म्हणजे त्याचा बत्तिसावा वाढदिवस भर समुद्रात गेला. तेव्हा पत्र पोहोचायलाच पाच-सहा महिने लागत. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' असं कुणी लिहिलं, तर त्याला उत्तर मिळेपर्यंत पुढचा वाढदिवस यायचा. १८३४ साली वारला तोपर्यंत कॅरी एकदाही मायदेशी गेला नाही. एकेचाळीस वर्षं!

त्याची एक हकिकत मला फार आवडते. श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, त्याने मोठी बाग केली होती. इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर त्याने ती रिकामी पिशवी सावलीतल्या जमिनीवर झटकली. काही दिवसांनी तिथे डेझीचं रोप उगवलेलं दिसलं. इंग्लंडच्या गवतात पायाखाली येणारं ते साधं फूल त्याने तीस वर्षांहून अधिक काळ पाहिलं नव्हतं. आनंदाने वेडा व्हायचाच तो बाकी होता. थंडीत कढीपत्त्याची कुंडी खिडकीशी हलवणाऱ्या आपल्या लोकांना तो आनंद वेगळा समजावून सांगायला नको.

१७ ऑगस्ट १८३१ रोजी कॅरी सत्तर वर्षांचा झाला. त्या दिवशी त्याने आपल्या जेबेझ नावाच्या मुलाला पत्र लिहिलं. त्या पत्राचा सूर मेजवानीचा नाही, हिशेबाचा आहे. आयुष्याकडे वळून पाहिलं तर मान खाली घालावी असंच पुष्कळ आहे, कामात कुचराई झाली, तरी देवाच्या दयेने अजून जिवंत आहे आणि कामावरही आहे, असा त्याचा भावार्थ. चाळीसच्या आसपास भाषांच्या कामात हात असलेला माणूस स्वतःबद्दल हे लिहितो!

पण मंडळी, हे पत्र वाचताना मला त्या हिशेबाचं दुसरं पान दिसू लागलं. ते पान डोरोथीचं, त्याच्या पत्नीचं.

डोरोथीला हिंदुस्थानात यायचंच नव्हतं. ती गरोदर होती. तिने नकार दिला, तेव्हा कॅरी फक्त थोरल्या मुलाला, फेलिक्सला घेऊन निघाला. पण परवान्याच्या घोळामुळे त्याला पहिल्या जहाजावरून उतरावं लागलं. दरम्यान डोरोथी बाळंत झाली. कॅरी तिला पुन्हा समजवायला गेला. बहीण सोबत येणार असेल तरच येते, असं म्हणून अखेर ती तयार झाली. काही आठवड्यांचं तान्हं मूल घेऊन ती बाई जहाजावर चढली. ते तान्हं मूल म्हणजेच हा जेबेझ. सत्तराव्या वाढदिवसाचं पत्र ज्याच्या नावे आहे तो!

पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, मदनाबाटी गावी पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. डोरोथीचं मन त्यानंतर ढासळलं, ते पुन्हा सावरलं नाही. बराच काळ तिला खोलीत बंद ठेवावं लागलं. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतरं करत होता. डिसेंबर १८०७ मध्ये ती गेली. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली होती. त्यामुळे कॅरीच्या वाढदिवसाचा हिशेब आपल्याला त्याच्या अक्षरात वाचायला मिळतो, तिचा नाही.

कुणी म्हणेल, ती काळाचीच रीत होती. असेल. पण स्वतःच्या मनाने गेलेल्या बायकाही होत्या. सिंथिया फरार ही अमेरिकन शिक्षिका १८२७ साली बॉस्टनहून निघाली आणि मुंबईला आली. अविवाहित, एकटी, वय बत्तीस. कॅरी निघाला त्या वर्षी तोही बत्तिशीच गाठत होता! पुढे तिने अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि त्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. १८६२ साली ती नगरलाच वारली. तिचेही तीसेक वाढदिवस परमुलखातच गेले असणार. पण तो मुलूख तिने स्वतः निवडला होता. डोरोथीने निवडला नव्हता. लांब जाण्यात आणि लांब नेलं जाण्यात फरक आहे, तो एवढाच. पण केवढा!

आज आमच्या दाराशी आलेल्या मुलांचं बरं आहे. दोन वर्षांच्या मिशनवर असताना पूर्वी त्यांना घरी फोन करायला मिळे तो फक्त नाताळला आणि मदर्स डेला. २०१९ पासून दर आठवड्याला करता येतो. त्या मुलाच्या आईने म्हणे पहाटेच गाणं म्हणून दाखवलं होतं. आपणही आता व्हिडिओवरून नातवंडांना ओवाळतो. अंतर कमी झालं आहे. पण 'तुला कोणी ओवाळलं?' हा प्रश्न त्या एकोणीस वर्षांच्या पोराला सुचला. मला पन्नास वर्षांत सुचला नव्हता.

आता घरचं उत्तर सांगतो. मी पीएच.डी.साठी ऑगस्ट १९७४ मध्ये आलो. ही जानेवारीत आली. एफ-टू व्हिसा, म्हणजे नोकरीची परवानगी नाही. गाडी येत नव्हती, बाहेर गुडघाभर बर्फ आणि मी दिवसभर लॅबमध्ये. तिचा वाढदिवस फेब्रुवारीत. ती सांगू लागली: "तेव्हा इथे रवा मिळत नव्हता. क्रीम ऑफ व्हीटचा शिरा केला. निरांजन होतं माझ्याकडे, आईने बॅगेत घातलेलं. पण स्वतःच स्वतःला कसं ओवाळणार? आईचं निळं एरोग्राम तीन आठवड्यांनी आलं. तुम्ही रात्री साडेअकराला आलात. गार शिरा खाल्लात आणि म्हणालात, साखर जास्त झाली."

मी त्या वर्षाबद्दल अनेक व्यासपीठांवर बोललो आहे. खिशात किती डॉलर होते, पहिला कोट कुठे घेतला, प्राध्यापकांनी कसं झापलं. आपल्या पिढीच्या पुरुषांना या गोष्टी सांगायला आवडतात आणि त्यांवर टाळ्याही मिळतात. त्या कष्टांत खोटं काही नाही. पण आपण ध्येयापोटी आलो आणि कुणीतरी आपल्यापोटी आलं, हे त्या भाषणांत येत नाही. माझ्या तरी आलं नाही.

म्हणून या दिवाळीत एक विनंती आहे. इथेच जन्मलेल्या मुलामुलींनो, भाऊबीजेला ओवाळून झालं, ओवाळणीही खिशात गेली, की आईजवळ किंवा आजीजवळ बसा आणि विचारा, "तुझा इथला पहिला वाढदिवस कसा गेला?" आजोबांची हकिकत तुम्हाला पाठ असेल, ही नसेल. मराठी अडली तर इंग्रजीत विचारा, पण विचारा. आणि माझ्या वयाच्या मित्रांनो, ती सांगू लागली की मध्ये बोलू नका. तारखा दुरुस्त करू नका.

त्या संध्याकाळी मी देवघरातलं ताम्हण काढलं. आयुष्यात कधी कुणाला ओवाळलेलं नाही, त्यामुळे काडीपेटी सापडेपर्यंत पाच मिनिटं गेली. हिला म्हटलं, बस, पूर्वेकडे तोंड कर. ती म्हणाली, "हे काय? आज कुठे माझा वाढदिवस?"

"माहीत आहे. पन्नास वर्षं उशीर झालाय."

ती बसली. मी काडी ओढली. वात काही पेटेना.

"अहो," ती म्हणाली, "आधी तूप घाला त्यात."