यंत्राच्या घरात रांजण कुठे?

नांदेडच्या आमच्या वस्तीतल्या एका पोराला रमाई आवासचे घरकुल मंजूर झाले. जागा २६९ चौरस फूट. घर आतून कसे दिसेल ते पाहावे म्हणून त्याने मोबाईलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला हुकूम सोडला, घराचे चित्र काढ, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब हवेत. चित्र आले आणि आम्ही पोट धरून हसलो. जिना थेट भिंतीत शिरलेला! दाराला चिकटून कपाट, म्हणजे दार उघडणारच नाही. खुर्चीला तीन पाय. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे, कारण घड्याळांच्या जाहिरातीत काटे तसेच असतात.

मग हसू थांबले. बाबासाहेबांच्या हाताला सहा बोटे. संविधानावर देवनागरीसारखी दिसणारी, पण एकही अक्षर नसलेली गिचमीड. आणि कोपऱ्यात न मागितलेले देवघर, घंटेसकट!

असे का व्हावे? यंत्राला घर ठाऊक नसते. कोट्यवधी चित्रे आणि त्यांखालच्या ओळी पाहून कशाशेजारी काय दिसते, एवढेच ते शिकते. दारातून माणूस जातो हे त्याच्या गावी नाही. बरे, ती चित्रे तरी कोणाच्या घरांची? बंगल्यांची, फर्निचरच्या जाहिरातींची. आमच्या पत्र्याच्या खोलीचा फोटो कोण काढतो? निघालाच तर घर जळाल्यावर. १९७८ चे नामांतराचे दिवस आठवावेत.

पण एकट्या यंत्राला का बोल लावावा? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादची दगडमातीची घरे माळवदासकट झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुनर्वसनात घराचे माप कशावरून ठरले? जमिनीवरून! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरांच्या वरच्यांना ७५०. भूमिहीन कोण होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. भूकंपात सगळ्यांचेच घर गेले होते, पण नव्या घराला जुनाच सातबारा लावला. हे आराखडे माणसांनीच काढले होते, आणि त्यांच्या हाताला बोटे पाचच होती.

पोराने ते चित्र पुसून टाकले. दुसऱ्या दिवशी गवंडी आला. विटेच्या तुकड्याने त्याने जमिनीवर रेघा ओढल्या. पोराची आई त्या रेघांत उभी राहिली, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, "दादा, दार हितं केलं तर रांजण कुठं ठिवायचा?" गवंड्याने पायानेच रेघ पुसली आणि दार दोन हात सरकवले.