बिल्ला खरा, पण ड्रम?

जुना ड्रमसेट विकायला निघाला की गिऱ्हाईक आधी बिल्ल्यावरचा क्रमांक विचारतं. क्रमांकावरून साल आणि सालावरून किंमत, असा सरळ हिशेब. मूळच्या शिकागोच्या लुडविग कंपनीच्या ड्रमबाबत हा हिशेब सर्रास केला जातो आणि तिथेच तो फसतो. या कंपनीने ड्रमवर क्रमांक घालायला सुरुवात केली तीच 1963-64 च्या सुमारास. त्याआधीच्या ड्रमवर क्रमांक नसेल, तर त्यात संशयास्पद काही नाही, उलट असला तरच विचारात पडावं. नंतरही बिल्ले क्रमवार लावले जात नसत, कामगाराच्या हाताला येईल तो बिल्ला ड्रमवर चढे. म्हणून एकाच खोक्यातून घरी आलेल्या ड्रमचे क्रमांकही बहुधा ओळीने नसतात, आणि तेवढ्यावरून ‘हा सेट जुळवलेला आहे’ म्हणणं चूक ठरतं. यावर कुणी म्हणेल, संग्राहकांनी क्रमांक आणि सालांचे तक्ते केलेच आहेत की! केले आहेत, आणि ते उपयोगीही आहेत. पण ते तयार झाले ते ज्या ड्रमच्या आत शाईने तारखेचा शिक्का मारलेला सापडला, त्यांच्या नोंदींवरून. म्हणजे तक्त्याचा खरा आधार शेलच्या, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्याच्या, आतच आहे, मग थेट तिथेच का पाहू नये? शिवाय बिल्ला सुटा विकत मिळतो, शेल इतक्या सहजी बदलत नाही.

आत पाहिलं की बरंच काही दिसतं. साठच्या दशकातल्या लुडविगचं शेल तीन थरांच्या प्लायचं, कडांना आतून मजबुतीच्या लाकडी रिंगा. दशकाच्या सुरुवातीला आतून पांढरा रंग, मग काही वर्षं नुसतं पारदर्शक फिनिश, आणि अखेरीकडे करडा ठिपकेदार रंग. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर शेल सहा थरांचं झालं आणि रिंगा गेल्या. तेव्हा सहा थरांच्या, बिनरिंगेच्या शेलवर 1964 चा बिल्ला दिसला, तर बिल्ला अस्सल असूनही ड्रम 1964 चा नाही. लग, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू ज्यांत बसतात ते शेलवरचे धातूचे भाग, सोडवून त्याखालचं वेष्टन पाहावं: उजेड न लागलेला मूळ रंग तिथे टिकून राहतो. जास्तीची भोकं आतून लपत नाहीत. बिल्ला, शेल, वेष्टन आणि धातूचे भाग या सगळ्यांची साक्ष जुळली तरच साल सांगावं, आणि तेही ‘सुमारास’ म्हणून.

बिल्ल्यानेच पसरवलेला आणखी एक गैरसमज असा, की डब्ल्यूएफएल छापलेला ड्रम म्हणजे कुठलीतरी हलकी नक्कल. ही अक्षरं विल्यम एफ. लुडविग यांची. मूळ कंपनी कॉन कंपनीकडे गेल्यावर त्यांनी 1937 मध्ये नवा कारखाना काढला. स्वतःचंच नाव वापरायची मुभा नव्हती, ते 1955 मध्ये विकत घेऊन परत मिळवावं लागलं. घराणं एकच.

किमतीबद्दलचा सर्वांत महागडा गैरसमज बीटल्स या बँडचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्यामुळे झाला आहे. त्याने 1963 मध्ये लंडनमध्ये घेतलेला, काळ्या ऑयस्टर वेष्टनाचा लुडविग सेट 2015 च्या लिलावात 20 लाख डॉलरहून अधिक रकमेला गेला. तेव्हापासून घरातला तसल्या वेष्टनाचा सेट म्हणजे गाडलेलं धन वाटू लागलं. पण त्याच वर्षी, बीटल्स 9 फेब्रुवारी 1964 रोजी एड सुलिव्हन शोमध्ये वाजले तेव्हाचं, बँडचं नाव रंगवलेलं बास ड्रमचं नुसतं हेडही 20 लाखांच्या वर गेलं. प्लास्टिकच्या एका चकतीला एवढी रक्कम येते तेव्हा ती वाद्याची किंमत नसते, त्या रात्रीची असते. बीटल्सनंतर लुडविगला इतकी मागणी आली की कारखाना रात्रंदिवस चालला. म्हणजे याच काळातले ड्रम मुबलक आहेत, आणि घाईत निघालेल्या काहींच्या कडाही एकसारख्या नाहीत. त्या जमान्याचं म्हणजे हमखास गोड आवाजाचं, हे त्यामुळेच मानता येत नाही. आवाज कडा, हेड आणि सूर लावण्यावर ठरतो, आणि जुन्या लाकडाचा महिमा त्यानंतर येतो. वयापेक्षा बाजार उपयोगाला कसा भाव देतो, ते प्रीमियरच्या जुन्या इंग्लिश सेटवरून कळतं. बांधणी उत्तम, पण साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांची मापं आजच्या प्रमाणात बसत नव्हती. साधं हेड चढत नाही, म्हणून भाव पडतो.

स्नेअर ड्रमची लुडविग सुप्राफॉनिक ही जात तर गैरसमजांचं कोठारच आहे. क्रोमची चकाकी पाहून लोक तिला पितळेची समजतात. अगदी सुरुवातीच्या काही खरोखर पितळेच्या होत्या, पण 1963 च्या सुमारास ॲल्युमिनियम आलं आणि पुढच्या बहुतेक त्याच्याच आहेत. चुंबक इथे निरुपयोगी, कारण तो दोन्ही धातूंना चिकटत नाही. हातात उचलून पाहावं, पितळ जड लागतं. ॲल्युमिनियमवरचं क्रोम फोड येऊन सुटतं, आणि मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत ते लवकर होतं. हे डाग म्हणजे नकलीपणाची खूण नव्हे.

मग ते डाग घासून, नवं क्रोम चढवून, वेष्टन बदलून ड्रम चकचकीत केला तर भाव वाढेल, असं अनेकांना वाटतं. संग्राहकांच्या बाजारात सहसा उलटं होतं: नवं वेष्टन, नवी भोकं, बदललेले लग यांनी किंमत उतरते. यावर वादकाची तक्रार रास्त आहे, की वाद्य वाजवायला असतं, कपाटात ठेवायला नव्हे. वाजवणाऱ्याने नवे हेड, नव्या स्नेअर तारा जरूर घालाव्यात, कारण त्या झिजायच्याच वस्तू आहेत. वेष्टन फाटलंच असेल तर तेही बदलावं, मात्र जुन्याचा तुकडा राखावा. शेलला नवं भोक पाडणं तेवढं टाळावं, कारण ते बुजवलं तरी आतून दिसतं. आणि काढलेले जुने लग, स्क्रू, मफलर पिशवीत भरून ड्रमसोबतच ठेवावेत. विकताना त्या पिशवीचेही पैसे येतात.