गळा बदलला, नाव तेच

गाणारा निघून गेला आणि मंडळी मागे राहिली, म्हणजे रसिकांची मोठी पंचाईत होते. १९१३ साली बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळी सोडली, तेव्हा आपल्याकडच्या कित्येकांना हा प्रश्न पडला असेल, की आता मंडळी खरी कोणती? पाटीवर नाव आहे ती, की गळा गेला ती? मला हा प्रश्न नाट्यसंगीताचा इतिहास वाचताना जितका पडला, तितकाच एका इंग्रजी तबकडीने पाडला. ती तबकडी 'ब्लॅक सॅबथ' या बँडची. नाव 'हेवन अँड हेल', साल १९८०.

मराठीच्या प्राध्यापकाने हेवी मेटल ऐकावे याचे पुष्कळांना हसू येते. हा सगळा गोंगाट आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी वादही घालीत नाही. गोंगाट आहेच. पण त्या गोंगाटाला जन्मगाव आहे, आणि ते बर्मिंगहॅम, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचे. या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. आगीत दोन बोटे निकामी होऊनही तो फ्रान्समध्ये नावाजलेला गिटारवादक होता. पोराने मग साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा लावल्या. पुढे त्याने त्या तारा आणखी सैल सोडल्या. त्यातून जो जड, खर्जातला आवाज निघाला, त्यावर या संगीताची इमारत उभी आहे.

आयोमी, बासगिटार वाजवणारा गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑसबोर्न ही चौघे एकाच गावची. १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली आणि त्याच वर्षी दुसरीही. नंतर पैसा आला, दारू आली, मादक पदार्थ आले. १९७७ च्या अखेरीस ऑझी एकदा सोडून गेला, काही आठवड्यांत परतला. १९७८ ची 'नेव्हर से डाय!' ऐकताना थकलेली माणसे वेळ मारून नेताहेत, असे मला तरी वाटते. अखेर १९७९ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजलिसला त्याला काढून टाकण्याचे ठरले. हे सांगायचे काम आले बिल वॉर्डवर, कारण ऑझीचा सर्वांत जवळचा मित्र तोच. मित्राला जायला सांगायचे आणि आपण त्याच मंडळीत राहायचे! यापुढे तबकडीची विक्री, मानांकन वगैरे गोष्टी मला किरकोळ वाटतात.

नवा गायक रॉनी जेम्स डिओ. हा अमेरिकन, इटालियन घराण्यातला, चणीने लहानखुरा. 'रेनबो' बँडमधून नुकताच बाहेर पडला होता. लहानपणी तो ट्रंपेट वाजवीत असे, आणि आपला दमसास त्यातूनच आला असे तो सांगे. त्याची आणि आयोमीची गाठ घालून दिली ती बँडच्या व्यवस्थापकाची मुलगी शॅरन हिने. पुढे १९८२ साली ती ऑझीची पत्नी झाली. अशी गुंतागुंत एखाद्या कादंबरीकाराने रचली असती, तर आपण त्याला नावे ठेवली असती.

आता मुख्य मुद्दा. नवा गायक जुन्याच्या जागी बसवला, एवढेच घडले असते तर या तबकडीवर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ऑझी बहुधा गिटारच्या पावलावर पाऊल टाकून गाई. 'आयर्न मॅन' ऐका. गिटारची जी चाल, तीच गळ्याची. त्यामुळे गाणे मंत्र म्हटल्यासारखे वाटे, आणि त्यातच त्याची दहशत होती. डिओला हे मानवणारे नव्हते. त्याचा गळा मोठा आणि लांब पल्ल्याचा, त्याला मोकळे रान हवे. मग आयोमीला गिटार आवरती घ्यावी लागली. शीर्षकगीतात हे स्पष्ट कळते. सुरुवातीला गिटार दणदणीत येते, पण डिओ गाऊ लागला की ती मागे सरते. बास आणि ड्रम संथपणे चालत राहतात आणि वर आवाज एकटा फिरतो. सात मिनिटांच्या या गाण्यात शेवटी लय चढते, आणि मग सगळे शांत होऊन साधी गिटार उरते. दहा वर्षे एका पद्धतीने वाजवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या गळ्यासाठी जागा करून द्यायची, ही गोष्ट सोपी नव्हे. बदलला तो गायक, पण खरे बदलावे लागले ते राहिलेल्यांना.

शब्दांविषयी मात्र माझी तक्रार आहे. पूर्वी गीते बहुतेक बटलर लिही. त्यात युद्ध होते, अणुबाँबची भीती होती, व्यसन होते. डिओच्या गीतांत राजे, चेटूक, समुद्र आणि इंद्रधनुष्य. कागदावर वाचली तर अर्थ हाती लागता लागत नाही. परीक्षेला आली तर मी गुण कापीन! पण तो गातो तेव्हा लांबवलेले स्वर आपल्याला ओढून नेतात, आणि अर्थ विचारण्याचे भान राहत नाही.

ध्वनिमुद्रण मायामी आणि पॅरिस येथे झाले, मार्टिन बर्च या निर्मात्याच्या देखरेखीखाली. बटलर मध्यंतरी सोडून गेला होता, तो परत आला. आठ गाण्यांची तबकडी एप्रिल १९८० मध्ये बाहेर पडली आणि इंग्लंडात नवव्या क्रमांकापर्यंत चढली. वेष्टनावर पंखवाल्या तीन देवदूत स्त्रिया पत्ते खेळत सिगारेट ओढताहेत. चित्र खट्याळ आहे, आणि मला ते फार आवडते. बिल वॉर्ड मात्र त्या काळात दारूत इतका बुडाला होता, की हे ध्वनिमुद्रण आपल्याला आठवतच नाही असे त्याने पुढे सांगितले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दौरा अर्धा टाकून तो निघून गेला.

रंगमंचावर डिओपुढे वेगळाच पेच होता. ऑझी दोन बोटांची शांततेची खूण करी, तिची नक्कल करणे डिओला नको होते. त्याने तर्जनी आणि करंगळी उभी धरली. ही खूण त्याच्या इटालियन आजीची, दृष्ट लागू नये म्हणून ती करी. आपल्याकडची आजी मीठमोहऱ्या ओवाळते, तसलाच प्रकार. आज जगभरची पोरे मैफलीत तीच बोटे उंचावतात.

तिकडे ऑझीनेही १९८० च्या सप्टेंबरातच आपली स्वतंत्र तबकडी काढून दाखवली. म्हणजे एका भांडणातून श्रोत्यांना दोन तबकड्या मिळाल्या.

डिओ १९८२ मध्ये बाहेर पडला, १९९२ च्या तबकडीसाठी परतला आणि पुन्हा गेला. २००६ साली तो, आयोमी आणि बटलर पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी 'ब्लॅक सॅबथ' हे नाव घेतले नाही. त्यांनी बँडचे नाव ठेवले 'हेवन अँड हेल'. २०१० च्या मे महिन्यात डिओ कर्करोगाने वारला.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळची चौघे शेवटची एकत्र उभी राहिली. ऑझी आजारी, खुर्चीत बसून गायला, आणि सतरा दिवसांनी गेला. बिल वॉर्ड ड्रमवर होता. त्या रात्री चौघांनी मिळून चार गाणी वाजवली, आणि चारही १९७० सालची होती.