गोळी रात्री, धाव पहाटे

मॅरेथॉनचं पदक गळ्यात घातलेला फोटो छापून आला की त्याखालचा मजकूर बहुधा ठरलेला असतो : जिद्दीच्या जोरावर कॅन्सरला हरवले. माझ्याबद्दलही असं छापून आलं आहे. लिहिणाऱ्यांच्या मनात माया असते, हे मला कळतं. तरीही ते वाक्य मला मान्य नाही. का नाही, ते नीट सांगायला हवं.

मी साताऱ्याची. माध्यमिक शाळेत गणित शिकवते. मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे, ज्याला दवाखान्यात सगळे सीएमएल म्हणतात. हा रक्ताचा कर्करोग. निदान झालं तेव्हा चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं, डाव्या बरगडीखाली काहीतरी जड बसल्यासारखं व्हायचं, रात्री घामाने उशी भिजायची. साधी रक्त तपासणी केली, तर पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार. निरोगी माणसात त्या चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असतात. डाव्या बाजूचं ते जडपण म्हणजे सुजलेली प्लीहा, आपल्याकडची जुनी माणसं जिला पानथरी म्हणतात ती.

या आजाराची गोष्ट शास्त्राच्या इतिहासातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक आहे. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. ते आखूड का, हे १९७३ साली शिकागोच्या जेनेट रावली यांनी दाखवलं. नऊ आणि बावीस क्रमांकांची गुणसूत्रं तुटतात आणि त्यांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. त्या सांध्यावर एक नवं जनुक तयार होतं, त्यातून एक प्रथिन बनतं आणि ते पेशींना सतत 'वाढा, वाढा' असा हुकूम देत राहतं. वायसर झिजलेला नळ कितीही पिळला तरी गळतच राहावा, तसं. इमॅटिनिब हे औषध नेमकं त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि तो हुकूम थांबवतं. ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ते रुग्णांना देऊन पाहायला सुरुवात केली आणि २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीत रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवलं गेलं, तिच्यात सुरुवातीपासून हे औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतर हयात होते. त्याआधीच्या काळात अस्थिमज्जा प्रत्यारोपण जमलं नाही, तर बहुतेकांच्या हाती काही वर्षंच असत.

म्हणजे मला कुणी वाचवलं असेल, तर रोज रात्री जेवणासोबत मोठा पेलाभर पाण्याने घेतलेल्या ४०० मिलीग्रॅमच्या गोळीने. मी धावते त्या यवतेश्वरच्या घाटाने नव्हे.

धावायला मी लागले ते निदान झाल्यानंतरच. पण लगेच नाही. प्लीहा वाढलेली असताना धावणं, उड्या मारणं, पोटावर मार बसेल असं काहीही करणं धोक्याचं असतं. ती फुटू शकते, आणि मग जीव वाचवणं कठीण होतं. माझी प्लीहा बरगडीच्या आत गेली आहे, हे सोनोग्राफीत दिसेपर्यंत डॉक्टरांनी मला फक्त चालायची परवानगी दिली होती. मी राजवाड्यापासून समर्थ मंदिरापर्यंत चालायची. पुढे बोगद्यापर्यंत. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, "आता पळा मॅडम, पण दम लागला की थांबायचं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं तर मला विचारल्याशिवाय नाही."

साताऱ्यात धावणारी माणसं पुष्कळ. इथली हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत उतरायचं, एकवीस किलोमीटर. पावसाळा सरत आलेला असतो, धुकं अंगाला चिकटतं, कड्यावरून पाणी रस्त्यावर उतरलेलं असतं. आमच्या ग्रुपमधल्या मुली मला काकू म्हणतात. माझा वेग कमी झाला, तर त्यांच्यातली एक न बोलता शेजारी राहते. पुढे मुंबईची पूर्ण मॅरेथॉनही जमू लागली आणि आता जानेवारी म्हटलं की घरात तिचीच तयारी असते. मुंबईत अंधारात निघायचं, सागरी सेतूवर वारा खायचा आणि परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या आसपास, पेडर रोडची चढण. घाटात सराव केलेल्या पायांना ती एरवी काहीच वाटू नये. पण तेवढं अंतर कापल्यावर तीच चढण घाटाहून मोठी होते. रस्त्याकडेच्या घरांतली माणसं संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की घेऊन उभी असतात. अनोळखी माणसाच्या हातातून मीठ चाटताना संकोच वाटत नाही, इतकी गरज असते त्याची.

गोळीचे परिणाम धावण्यात लुडबुड करतात, हे नव्या रुग्णांना कुणीतरी सांगायला हवं. पहाटे उठल्यावर डोळ्यांभोवती सूज असते. पोटरीत गोळे येतात, तेही बऱ्याचदा धाव संपवून झोपल्यावर. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ, म्हणून मी ती रात्री घेते आणि उरलेली मळमळ झोपेत जाते. कातडीचा रंग उजळतो. लग्नकार्यात बायका म्हणतात, काय गं, गोरी झालीस! त्यांना काय सांगायचं? रक्त थोडं कमीच राहतं, त्यामुळे माझ्या वयाच्या इतर बायकांपेक्षा मला चढणीवर दम लवकर लागतो. धावताना अंग दुखलं म्हणून मी दुखण्याची गोळी घेत नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. ओळखीपाळखीचे लोक आणून देतात ते काढेही घेत नाही, कारण ग्रेपफ्रूटसारखं साधं फळसुद्धा या औषधाचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. मग काढ्यात काय काय असेल, ते कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. मॅरेथॉननंतर काही तास पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, आजार नसलेल्या माणसाच्यासुद्धा. दमलेल्या स्नायूंतून एसजीओटीसारखी रसायनं रक्तात उतरतात आणि यकृताच्या तपासणीतले आकडे काही दिवस चढलेले दिसतात. सीएमएलच्या रुग्णाने रविवारी धावून सोमवारी रक्त दिलं, तर अहवाल पाहून घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळेल. आजार परतला, की गोळीने यकृत बिघडवलं? म्हणून मी आधी तपासणी करते, मग मॅरेथॉन. उलटं करायचं झालं तर मध्ये चांगला आठवडा जाऊ देते आणि मी धावले आहे हे डॉक्टरांना सांगते.

खरी परीक्षा मात्र पीसीआरची. त्या बिघडलेल्या जनुकाचा अंश रक्तात किती उरला, ते तीत टक्क्यांत कळतं. तीन महिन्यांत दहा टक्के किंवा त्याहून कमी, सहा महिन्यांत एक, वर्षात ०.१, अशी उतरंड अपेक्षित असते. गणिताच्या बाईला ही भाषा जवळची वाटली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ठरलेल्या गोळ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ज्यांनी घेतल्या, त्यांच्यातले बहुतेक जण त्या ०.१ च्या खाली पोहोचले आणि ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यातले फार थोडे. महिन्याच्या तीस गोळ्यांचे नव्वद टक्के म्हणजे सत्तावीस. तीन रात्री चुकल्या की माणूस त्या रेषेवर येतो.

इथे धावण्याची मदत झाली. पहाटे पावणेपाचला उठायचं म्हणजे साडेनऊला झोपायचं. त्यासाठी साडेआठला जेवायचं, आणि जेवण ठरल्या वेळी म्हणून गोळीही ठरल्या वेळी. मिस्टर ताटाशेजारी गोळी ठेवतात आणि मी ती घेईपर्यंत ताटावरून उठत नाहीत.

आता पैशांचं. हे बोलल्याशिवाय जिद्दीबद्दल बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. मूळ कंपनीचं, म्हणजे नोव्हार्टिसचं, हे औषध पेटंटचा वाद चालू होता त्या काळी महिन्याला एक लाख वीस हजारांच्या आसपास पडे, तर भारतीय कंपन्यांचं आठ-दहा हजारांत मिळे. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन विरोधात उभी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने पेटंट कायद्यातल्या कलम ३(ड) च्या आधारे ती मागणी फेटाळली. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप अधिक गुणकारी असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यावर पेटंट मिळत नाही, असं ते कलम सांगतं. कंपनीने अनेक गरीब रुग्णांना औषध मोफत दिलं, हेही खरं आहे. पण मोफत मिळणं आणि विकत घेता येणं यात फरक असतो. आज माझ्या पगारात माझी गोळी बसते. ती बसली नसती, तर माझ्या जिद्दीने काय केलं असतं?

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तपासणीला जाते, तेव्हा एक मुलगा हटकून आठवतो. त्याला तीव्र प्रकारचा ल्युकेमिया होता. कबड्डी खेळायचा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आईसोबत उतरला होता. केमोच्या दिवसांतही जिने चढून यायचा. तो गेला. त्याच्या आईसमोर मी जिद्दीने कॅन्सर हरवला, असं म्हणण्याची माझी छाती नाही.

टेरी फॉक्स तर सगळ्या धावणाऱ्यांना ठाऊक आहे. हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेला कॅनडाचा मुलगा. १९८० साली कृत्रिम पायावर रोज जवळपास एका मॅरेथॉनइतकं अंतर धावत होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. थंडर बे गावाजवळ थांबला, कारण कर्करोग फुप्फुसात पोहोचला होता. पुढल्या जूनमध्ये तो गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्याच्याहून जास्त जिद्द कुणाची असते? आणि तो धावत होता तो संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून. उपचारांत झालेल्या सुधारणांमुळेच आपली जगण्याची शक्यता वाढली होती, हे त्याला डॉक्टरांकडून कळलं होतं.

तरी मी धावते. का? रुग्ण म्हणून माझं शरीर सुयांचं, अहवालांचं, टक्क्यांचं होऊन जातं. घाटात ते माझं असतं. दुखतं तेही माझ्या मनाप्रमाणे चाललेल्या कामामुळे दुखतं. एवढं कारण मला पुरतं.

मध्यंतरी कराडकडच्या एका मुलीचा फोन आला. नुकतंच निदान झालेलं, रडून आवाज बसलेला. "मॅडम, मी पण पळायला लागू का उद्यापासून? तुम्ही बऱ्या झालात तशी मी पण होईन ना?" मी तिला म्हटलं, "बाळा, उद्यापासून गोळी. रोज, जेवणासोबत, भरपूर पाण्याने. गोळी चालू असताना दिवस राहणार नाहीत याची काळजी घे, आणि लग्न ठरत असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. पुढच्या वेळी जाशील तेव्हा पानथरी किती खाली आहे ते विचारून घे. ती आत गेली, रक्त वाढलं आणि डॉक्टर हो म्हणाले, की मला फोन कर. तोवर आईला घेऊन रोज अर्धा तास चालत जा."