प्रदेशाचे चित्रपुस्तक : निवडीचा एक प्रश्न

एखाद्या प्रदेशातील सर्व बालकांपुढे एका वर्षी एकच चित्रपुस्तक ठेवावयाचे, ही कल्पना अमेरिकेतील काही राज्यांत चांगलीच रुजली आहे. तिचे मूळ प्रौढांच्या वाचनात आहे. १९९८ साली सिॲटलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने साऱ्या शहराने एकच कादंबरी वाचावी असा उपक्रम योजिला, आणि पुढे इतर शहरांनी व राज्यांनी त्याचे अनुकरण केले. बालकांच्या बाबतीत मात्र ही निवड वाटते तितकी सरळ नसते. पुस्तक प्रातिनिधिक असावे असे आपण म्हणतो तेव्हा त्यात प्रदेश दिसावा असे आपणांस अभिप्रेत असते, की प्रदेशातील प्रत्येक मुलास ते आपले वाटावे असे? हे दोन हेतू एकच आहेत असे समजून समित्या पुष्कळदा कामास लागतात.

पहिल्या हेतूचे उत्तम उदाहरण म्हणजे रॉबर्ट मॅक्क्लॉस्की ह्यांचे 'मेक वे फॉर डकलिंग्ज' (१९४१). बदकाचे एक जोडपे बोस्टनमध्ये घरट्यासाठी जागा शोधते. पुढे आई आठ पिल्लांची रांग घेऊन भर रहदारीतून पब्लिक गार्डनकडे निघते आणि मायकेल नावाचा पोलीस त्यांच्यासाठी वाहने थांबवितो. चार्ल्स नदी, बीकन स्ट्रीट, उद्यानातील हंसाकृती होड्या, सारे काही खरे. चित्रांसाठी ग्रंथकाराने जिवंत बदके न्यूयॉर्कच्या आपल्या बिऱ्हाडात आणून न्हाणीच्या टबात सोडली होती. १९४२ साली पुस्तकास कॅल्डेकॉट पदक मिळाले, १९८७ साली त्या बदकांचे कांस्यशिल्प पब्लिक गार्डनमध्ये उभे राहिले, आणि २००३ साली मॅसॅच्युसेट्सने हे पुस्तक कायद्याने राज्याचे अधिकृत बालपुस्तक ठरविले. मागणी करणारी शाळेतील मुलेच होती, ही त्यांतील विशेष सुखावह गोष्ट.

तथापि ह्या निवडीस स्प्रिंगफील्डकडून विरोध झाला. डॉ. स्यूस ह्या नावाने लिहिणारे थिओडोर गाइझेल हे १९०४ साली त्या गावी जन्मले होते. उलट मॅक्क्लॉस्की मूळचे ओहायोचे. भूमिपुत्रास डावलून परक्याचे पुस्तक का, असा वाद निघाला. शेवटी पुस्तक मॅक्क्लॉस्कींचे आणि अधिकृत बाल-ग्रंथकार डॉ. स्यूस अशी तडजोड झाली. ह्या वादात एक गोष्ट निसटली असे वाटते. स्यूस ह्यांच्या १९३७ च्या पहिल्या बालपुस्तकाच्या नावात स्प्रिंगफील्डमधील मलबेरी स्ट्रीट आहे. परंतु २०२१ साली, त्यातील अन्यवंशीयांचे चित्रण दुखावणारे आहे असे सांगून, हक्कधारक संस्थेनेच त्याचे प्रकाशन थांबविले. गावाचे नाव पुस्तकात असले म्हणजे गावातील सर्व मुले त्यात सामावली जातात, असे नव्हे.

दुसऱ्या हेतूचे उदाहरण पेनसिल्व्हेनियाचे. तेथे शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी २००६ साली 'एक पुस्तक, प्रत्येक लहान मूल' अशा आशयाचा उपक्रम सुरू झाला आणि पहिल्या वर्षी लिंडसे बॅरेट जॉर्ज ह्यांचे 'इनसाइड माउस, आउटसाइड माउस' निवडले गेले. एक उंदीर घरात, एक बाहेर. वर, खाली, मधून, भोवती असे फिरत दोघे अखेर खिडकीशी भेटतात. लेखिका त्याच राज्यातील, पण पुस्तकात पेनसिल्व्हेनियाचे एकही स्थलनाम नाही. मॅसॅच्युसेट्सच्या नेमके उलट! परंतु चार वर्षांच्या मुलास आपले घर व अंगण हाच प्रदेश असतो, आणि स्थलदर्शक शब्द तो ह्याच वयात आत्मसात करीत असतो.

माझ्या मते सार्वत्रिक उपक्रमासाठी हा दुसरा हेतू प्रधान धरावा. येथे पुस्तक बहुधा मोठ्याने वाचले जाते, व वाचणारे मोठे माणूस कोण हे समितीस ठाऊक नसते. चित्रपुस्तक सामान्यतः बत्तीस पृष्ठांचे असते, कारण छपाईचा कागद दुमडल्यावर पृष्ठे आठाच्या वा सोळाच्या पटीत पडतात. ह्या मर्यादेत प्रत्येक पान उलटताना उत्सुकता वाढते की विझते, मागच्या रांगेतील मुलास चित्र दिसते की नाही, ह्या गोष्टी स्थानिक रंगापेक्षा अधिक तपासावयास हव्यात. मॅक्क्लॉस्कींचे पुस्तक साठांहून अधिक पृष्ठांचे आहे. ते मांडीवरच्या एका मुलासाठी सुंदर, तीस मुलांच्या वर्गात दमछाक करणारे. भाषेचा प्रश्न तर सर्वांत बिकट. २०१२ साली कोलोरॅडोत चार वर्षांच्या मुलांना विनामूल्य प्रती वाटावयास प्रारंभ झाला, तेव्हा त्या इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही काढाव्या लागल्या.

महाराष्ट्रात असा विचार झाला तर निवडीस बसलेली मंडळी किल्ला, वारी व समुद्र ह्यांपैकी काय असावे ह्यावर बराच वेळ घालवतील, असा माझा तर्क आहे. मेळघाटातील कोरकूभाषक आईस प्रमाण मराठीतील दीर्घ वाक्ये वाचून दाखविता येतील काय, हा प्रश्न कदाचित शेवटी निघेल. थोड्या शब्दांचे, चित्रांवर उभे असलेले पुस्तक तिला आपल्या बोलीत सांगता येते. निवडीपूर्वी प्रती नंदुरबार, गडचिरोली, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांतील अंगणवाड्यांत महिनाभर ठेवाव्यात, आणि महिन्याअखेरीस कोणत्या प्रतींचे कोपरे अधिक मळले व दुमडले आहेत ते समितीने स्वतः जाऊन पाहावे.