पाकिटें छापणारें यंत्र : घ्यावें कीं न घ्यावें?

ज्या घरांत छापखान्याचा धंदा एकत्र चालतो, थोरला भाऊ हिशेब पाहतो, मधला गिऱ्हाइकांकडे जातो आणि पुतणे यंत्रावर उभे राहतात, अशा घरांत अलीकडे जेवणाच्या पंक्तींत एक प्रश्न वारंवार निघूं लागला आहे. पाकिटें छापणारें इंकजेट यंत्र घ्यावें कीं न घ्यावें? आमच्या घरीं हा वाद दोन पावसाळे पुरला. निवृत्त माणसास वेळ भरपूर असतो अशी सर्वांची समजूत असल्यामुळें माहितीपत्रकें वाचण्याचें काम माझ्याकडे आलें. रक्कम लहान नव्हती. कर्जावर सही वडील बंधूंची व्हावयाची होती आणि हप्ता सर्वांच्या वांट्यांतून जावयाचा होता. तेव्हां प्रत्येक पत्रक मीं उत्तरपत्रिका तपासावी तसें तपासलें. बहुतेक पत्रकें यंत्राच्या वेगाविषयीं बोलतात. माझ्या मतें वेगाचा प्रश्न मागाहून यावा. यंत्र वर्षांतून किती दिवस बसून राहणार, हें प्रथम विचारावें. तें कां, हें पुढें येईल.

या यंत्राचें तत्त्व ऐकण्यासारखें आहे. जपानांतील कॅनन कंपनींत इचिरो एंडो हे संशोधन करीत असतां १९७७ सालीं तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचा स्पर्श शाई भरलेल्या सुईस झाला आणि सुईच्या टोकांतून शाईची चिळकांडी उडाली. उष्णतेनें आंत बुडबुडा होतो व तो शाईस बाहेर ढकलतो, हें त्यावरून ध्यानांत आलें. अमेरिकेंतील ह्यूलेट पॅकार्ड कंपनीही स्वतंत्रपणें त्याच मार्गावर होती. तिचें ‘थिंकजेट’ यंत्र १९८४ सालीं बाजारांत आलें. दुसऱ्या एका पद्धतींत बुडबुडा नसतो. विजेच्या योगानें आकार बदलणारा एक सूक्ष्म पडदा शाईस बाहेर लोटतो. दोन्हींत महत्त्वाची गोष्ट ही कीं कागदास कशाचाही स्पर्श होत नाहीं आणि कागद तापत नाहीं. लेझर यंत्रांत भुकटी कागदावर वितळवावी लागते. त्या उष्णतेनें पाकिटाच्या झांकणाचा गोंद चिकटतो, खिडकीची पारदर्शक पट्टी आकसते आणि पाकीट सुरकुततें. पाकिटांसाठीं लोक इंकजेटकडे वळले ते या कारणानें.

आतां गरजेचा विचार करूं. एकाच संस्थेचीं एकसारखीं दहा हजार पाकिटें छापावयाचीं असतील तर ऑफसेटच बरें. प्लेट एकदां केली, यंत्र एकदां लावलें कीं पुढच्या प्रत्येक पाकिटाचा खर्च नगण्य होतो. याच्या उलट, वीस गिऱ्हाइकांची प्रत्येकीं दोनशें पाकिटें, किंवा प्रत्येक पाकिटावर निराळें नांव व निराळा पत्ता, असें काम असेल तर ऑफसेटची वीस वेळांची मांडामांड परवडत नाहीं. तेथें इंकजेट शोभतें. काठापर्यंत गडद रंग पाहिजे असेल तर मात्र कागद सपाट असतांनाच छापून मग त्याचें पाकीट करवून घ्यावें. तयार पाकिटावर काठापर्यंत शाई मारण्याचा हट्ट धरणारांचें काम मला तरी कोठें नेटकें दिसलें नाहीं.

सर्वांत अधिक घोटाळा शाई आणि कागद यांत होतो. (शाई हा शब्द फारसी ‘सियाही’ म्हणजे काळेपणा यावरून आलेला, तेव्हां ‘रंगीत शाई’ म्हणणें व्युत्पत्तीच्या दृष्टीनें वदतोव्याघातच. असो.) इंकजेटची शाई मुख्यतः दोन प्रकारची. एकींत रंग पाण्यांत साखरेसारखा विरघळलेला असतो; तिला डाय म्हणतात. दुसरींत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ती पिगमेंट. डायचे रंग झळझळीत दिसतात, पण साध्या कागदावर पाण्याचा थेंब पडला कीं पसरतात, आणि उन्हांत लवकर फिकटतात. पिगमेंटचे कण कागदाच्या तंतूंत अडकून राहतात. पाणी त्यांस सहजासहजीं हालवीत नाहीं. ज्या देशांत टपाल चार महिने पावसांतून जातें तेथें हा भेद केवळ शोभेचा नाहीं. जुलै महिन्यांत मुंजीचीं निमंत्रणें पाठविलीं आणि पत्त्याचा निळा डाग होऊन तीं परत आलीं, तर तो यजमान त्या छापखान्याची पायरी पुन्हां चढणार नाहीं.

कागदाचेंही तसेंच. साधा मॅपलिथो शाई शोषून घेतो आणि ती लवकर वाळते. चकचकीत आर्ट पेपरवर पाण्याची शाई वरच बसून राहते. मागून येणारें पाकीट तीवर घासलें कीं काळी रेघ. रिझो कंपनीच्या यंत्रांत तेलांत कालविलेली पिगमेंट शाई असते. ती साध्या कागदांत चटकन जिरते व कागद पाण्यानें फुगत नाहीं. पण रंग किंचित् मंद दिसतात, आणि आर्ट पेपर तिलाही मानवत नाहीं. लग्नपत्रिकांच्या हातकागदी पाकिटांचे तंतू व धूळ शाईच्या छिद्रांपाशीं सांचतात. सोनेरी उठावाचा गणपती असलेलें पाकीट तर यंत्रांत घालूंच नये.

म्हणून प्रात्यक्षिक पाहावयास जातांना विक्रेत्याच्या पाकिटांवर छापलेलें पाहूं नये. तीं निवडून आणलेलीं असतात. आपल्या गोदामांतील पांचशें पाकिटें, त्यांत मॅपलिथो, तपकिरी क्राफ्ट आणि खिडकीचीं अशीं सर्व जातींचीं, बरोबर न्यावीं. आम्हीं तसें केलें. छापलेल्या पाकिटांवर मीं पाण्याचा थेंब एकदां पांच मिनिटांनीं, एकदां तासानें आणि एकदां दुसऱ्या दिवशीं टाकला. विक्रेत्यास हा म्हाताऱ्याचा चाळा वाटला असावा, पण थेंबांनीं जें सांगितलें तें कोणत्याही पत्रकांत नव्हतें.

वेगाविषयीं थोडें गणित. पट्टा सेकंदास सुमारें ३० सेंटिमीटर सरकतो असें धरा. नेहमींचें लांबट पाकीट, ज्यास धंद्यांत ‘डीएल’ म्हणतात, ११० बाय २२० मिलिमीटरचें असतें. तें लांबीच्या बाजूनें गेलें आणि दोन पाकिटांत ३ सेंटिमीटर अंतर राहिलें तर प्रत्येकास २५ सेंटिमीटर पट्टा लागतो. म्हणजे तासास ४,३२० पाकिटें. छपाई अधिक बारीक हवी म्हणून पट्टा निम्म्या वेगानें चालविला कीं २,१६०. पत्रकांतील आंकडा या दोहोंपैकीं कोणता, तें विचारावें. शिवाय पाकीट हा कांहीं सपाट कागद नव्हे. झांकणापाशीं एक जाडी, मधल्या शिवणीवर दुसरी, आंत अडकलेली हवा निराळीच. प्रिंटहेड, ज्यास धंद्यांत नुसतें ‘हेड’ म्हणतात, कागदापासून अगदीं थोड्या अंतरावर असतें. फुगलेलें पाकीट त्यास घासलें तर छपाई बिघडते आणि कधीं हेडही. त्यासाठीं हें अंतर कमीजास्त करण्याची सोय आहे कीं नाहीं, आणि पाकिटें एकेक सुटीं करून ओढणारा फीडर आपल्या पाकिटांस सोसतो कीं नाहीं, हें यंत्राच्या नांवापेक्षां महत्त्वाचें. आमचीं पांचशें पाकिटें हिशेबानें सात मिनिटांत व्हावयास हवीं होतीं, एकोणीस लागलीं. उशीर सर्व फीडरवर झाला.

आतां त्या बसून राहण्याच्या प्रश्नाकडे येतों. मोठ्या रंगीत यंत्रांत पाकिटाच्या सर्व रुंदीवर एकच स्थिर हेड असतें. मेमजेट नांवाचें जें तंत्र २००७ सालीं जगापुढें आलें, त्याच्या हेडांत सुमारें २२ सेंटिमीटर रुंदींत ७०,४०० छिद्रें आहेत. पांच ओळी धरल्या तर दर ओळींत इंचास १,६०० छिद्रें. प्रत्येक छिद्रांतून पडणारा थेंब पिकोलिटरांत मोजावा लागतो, आणि पिकोलिटर म्हणजे लिटरच्या दशलक्षांशाचा दशलक्षांश. एवढ्या बारीक छिद्रांत शाई वाळावयास किती वेळ लागणार? काम नसलें कीं यंत्र हेडावर झांकण घालतें व मधून मधून शाई सोडून छिद्रें धुतें. ही धुण्याची शाई गिऱ्हाइकाच्या बिलांत येत नाहीं. ती वाया गेलेल्या शाईच्या टाकींत जाते आणि पैसे आपले जातात. तरीही महिनाभर बंद राहिलेलें हेड चोक होऊं शकतें, आणि नवें हेड ही किरकोळ खरेदी नव्हे.

लहान यंत्रांची रचना वेगळी. त्यांत अर्ध्या इंचाच्या रुंदीवर छापणारीं काडतुसें शेजारीं शेजारीं बसविलेलीं असतात आणि हेड काडतुसांतच असतें. चोक झालें तर काडतूस बदललें, काम संपलें. रंगाची हौस यांत भागत नाहीं. पण पत्ता छापण्यास काळा रंग पुरतो.

निर्णय करण्यापूर्वीं आम्हीं चार महिने एक वही ठेवली. कोणत्या तारखेस कोणतें पाकिटांचें काम आलें, नग किती, रंगीत कीं काळें, तें पुतण्यानें रोज लिहावें असें ठरलें. आंकड्यांचें महत्त्व असें : समजा यंत्राची किंमत रु. ६,००,००० आणि आयुष्य तीन वर्षें. वर्षास ३०० दिवस काम धरलें तर यंत्र रोज रु. ६६७ खातें. रोज हजार पाकिटें निघालीं तर पाकिटामागें ६७ पैसे. शंभरच निघालीं तर पावणेसात रुपयांच्या जवळपास. व्याज, शाई, हेड आणि माणूस यांवेगळे. आमच्या वहींत लग्नसराईचे आणि दिवाळी अंकांचे दिवस सोडले तर कोऱ्या ओळींचीच संख्या मोठी होती. म्हणून संस्थांचीं नांवें व चिन्हें पूर्वींप्रमाणें ऑफसेटवर छापून ठेवावयाचीं आणि वरील पत्त्यापुरतें लहान काडतुसांचें यंत्र घ्यावयाचें, असें ठरलें. पुतण्याचा चेहरा दोन दिवस उतरला होता. ज्यांच्याकडे एखाद्या बँकेचें किंवा मोठ्या देवस्थानचें रोजचें काम असेल त्यांनीं रुंद हेडाचें यंत्र अवश्य घ्यावें. त्यांस तें पोसेल.

कर्जाची मुदत मात्र कोणींच लांबवूं नये. डेन्मार्क देशांत १६२४ पासून चालत आलेलें सरकारी पत्रवाटपाचें काम तेथील पोस्टनॉर्ड या संस्थेनें ३० डिसेंबर २०२५ रोजीं थांबविलें. आपल्याकडे तशी वेळ आलेली नाहीं. पण बँकेचा उतारा आणि विजेचें बिल पुष्कळ घरांत आतां फोनवर येतें. सात वर्षांच्या हप्त्यांवर पाकिटांचें यंत्र घेणें मला साहस वाटतें.

यंत्र घरांत आल्यावर त्याची सेवा रोजची. सकाळीं प्रथम चांचणीची पट्टी छापून सर्व छिद्रें चालतात कीं नाहीं तें पाहावें. पुसावयाचें असेल तर बिनतंतूचें फडकें आणि डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यांतील क्षार छिद्रांत बसतात. छपाई चालू असतां वीज गेली तर हेड उघडेंच राहतें, झांकण घालावयास यंत्रांत जीव नसतो. म्हणून यूपीएस ही चैन समजूं नये. पाकिटें जमिनीवर ठेवूं नयेत. कोंकणांत आणि मुंबईकडे पावसाळ्यांत तीं वांकतात, झांकणें आपोआप चिकटतात आणि फीडर दोन दोन ओढतो. यंत्राच्याच खोलींत तीं आदल्या दिवसापासून ठेवून, लावण्यापूर्वीं पत्त्यांच्या गंजिफ्यासारखीं पिसून आंत हवा घातली कीं पुष्कळ त्रास वांचतो. आमच्याकडे हें काम धाकट्या सूनबाईंनीं हातीं घेतलें आहे आणि त्यांच्या पाळींत पाकिटें अडकल्याचें क्वचितच ऐकूं येतें.

राहिली पत्त्यांची यादी. येथें यंत्राचा दोष नसतो, पण बोल यंत्रावर येतो. जुन्या फॉन्टांत टंकलेली यादी युनिकोडमध्ये न आणतां छापली कीं जोडाक्षरांचे तुकडे होतात. पिन कोड इंग्रजी अंकांत छापावा, कारण पाकीट परप्रांतांतही जातें. ही सहा अंकांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली आणि ती योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे तारटपाल खात्यांतील वरिष्ठ अधिकारी व संस्कृतचे कवि होते, हें सांगतांना आमच्यासारख्या संस्कृतच्या शिक्षकास थोडा अभिमान वाटतो. पहिल्या तीन अंकांनीं प्रांत व जिल्हा कळतो, शेवटच्या तिहींनीं टपालकचेरी. ४११०३० मधील शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झाली कीं सदाशिव पेठेचें पत्र खडकीस जातें.

आणि यादींतील उपपदें संगणकावर सोडूं नयेत. ‘श्री. व सौ.’ हीं अक्षरें प्रत्येक नांवापूर्वीं आपोआप घालण्याची सोय त्यांत असते, आणि ज्या घरांतील कर्ता पुरुष गेल्याच वर्षीं गेला त्या घरीं लग्नाचें निमंत्रण तशा पत्त्यानें जाऊन पडतें. म्हणून छपाईपूर्वीं यादीचा एक कागदी उतारा यजमानांकडे पाठवितों, आणि ती त्यांच्या घरांतील वडील बाईंनीं वाचावी असें त्यावर लिहितों. उतारे परत येतात ते बहुधा तांबड्या शाईच्या खुणांनीं भरलेले असतात.